आजीची गोळी नातीला

आलेला प्रश्न थोडक्यात असा:

“माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. वजन १७ किलो, उंची १०७ सेंटीमीटर. पाच महिन्यांपासून दोन्ही गुडघे, डावा घोटा, उजवं मनगट आणि दोन बोटं सुजतात. सकाळी तासभर लंगडते. रक्ताच्या तपासण्यांत आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह. मुलांचा संधिवात, जेआयए, असं निदान झालंय. पाच आठवडे झाले, मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा चालू आहे, पण काही फरक वाटत नाही. गंमत म्हणजे माझ्या सासूबाई बारा वर्षं आमवातासाठी हीच गोळी घेतात. त्यांचं वय ६३, वजन ५८ किलो, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, आणि डोस १५ मिलिग्रॅम. बोटं अजून सकाळी आखडतातच. तिप्पट वजनाच्या बाईला १५ आणि एवढ्याशा पोरीला १०? त्यात ही कॅन्सरची गोळी आहे असं वाचलं. आता एका मोठ्या रुग्णालयात नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलंय. आधी सगळ्या मुलांना औषध, मग अर्ध्यांना खोटं औषध. लेकीवर प्रयोग होऊ द्यायचा का? शेजारचे म्हणतात, पुडी घ्या, आमच्या भाचीला महिन्यात गुण आला. आणि तिला शाळेत पळू द्यावं का?”

उत्तरं देतोच, पण आधी तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं. लेकीचे डोळे तपासलेत का? चष्म्याच्या नंबराची तपासणी म्हणत नाही मी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्प असतो. हनुवटी टेकवून बसायचं आणि समोरून प्रकाशाची उभी फट डोळ्यात सोडतात, ती तपासणी. सात वर्षांच्या आत सुरू झालेला संधिवात आणि एएनए पॉझिटिव्ह, ही जोडी जिथे असते तिथे डोळ्याच्या आत, बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला सूज येण्याचा धोका सगळ्यात जास्त. तिला युव्हिआयटिस म्हणतात. मोठ्या माणसाला ती आली की डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही, माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. लहान मुलांत डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो. दुखत नाही, पाणी येत नाही. मूल तक्रार करत नाही, कारण एका डोळ्याने कमी दिसतंय हे त्याला समजतच नाही. म्हणून अशा मुलांचे डोळे सुरुवातीची चार वर्षं दर तीन महिन्यांनी तपासायचे असतात, सांधे कितीही छान असले तरी.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली होती. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, गुडघा उतरला, पोरगी धावायला लागली, मी खूश. केसपेपरवर ‘डोळे तपासा’ असं लिहिलं होतं, पण पुढच्या दोन भेटींत ते झालं का, हे मी विचारलं नाही. चौदा महिन्यांनी आई सहज म्हणाली, “हल्ली टीव्हीला नाक लावून बसते.” तोवर एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. चूक माझी होती. तेव्हापासून डोळ्याची पुढची तारीख लिहिल्याशिवाय मी कुणाच्याही लेकराचा केसपेपर परत देत नाही. तेव्हा ट्रायलचा निर्णय आठ दिवस लांबला तरी चालेल, डोळ्याची तपासणी या आठवड्यात करून घ्या.

आता गोळीच्या हिशेबाकडे येतो. तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि ती फार कमी लोकांना येते. मेथोट्रेक्सेटचा डोस मुलांमध्ये किलोवर न मोजता शरीराच्या पृष्ठभागावर मोजतात. तुमच्या लेकीचा पृष्ठभाग साधारण ०.७१ चौरस मीटर येतो. म्हणजे दर चौरस मीटरला १४ मिलिग्रॅम. सासूबाईंची उंची १५५ सेंटीमीटर धरली तर त्यांचा पृष्ठभाग १.५८ आणि डोस दर चौरस मीटरला साडेनऊ. त्या मापाने बघितलं तर नात आजीच्या जवळपास दीडपट औषध घेतेय. आणि ते योग्यच आहे. लहान मुलाचं शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मोठ्या माणसाचा डोस वजनाच्या प्रमाणात कापून मुलाला दिला तर तो अपुरा पडतो. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे आम्हाला शिकवतात खरं, पण डोस लिहिताना हात आखडतोच, आणि कमी डोसवर राहिलेली मुलं मी बरीच पाहतो.

कॅन्सरबद्दल. औषध मुळात त्यासाठीच आलं, आजही वापरतात, खोटं काही नाही. पण हाडाच्या एका कॅन्सरमध्ये ते एका वेळी दर चौरस मीटरला १२ ग्रॅमपर्यंत देतात. तुमच्या लेकीला त्याच मापाने १४ मिलिग्रॅम मिळतंय. ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये हजारपट अंतर आहे. इतक्या कमी मात्रेत त्याचं काम पेशी मारण्याचं राहत नाही, चवताळलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करण्याचं होतं. भीती बाळगायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची बाळगा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि कुणीतरी चुकून रोज देतं. माझ्या एका पेशंटला औषधाच्या दुकानातून पाकिटावर ‘रोज १’ लिहून मिळालं होतं. नवव्या दिवशी तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी तळाला, आणि मग अतिदक्षता विभाग. घरात दोघींची एकच गोळी आहे, म्हणून तुमच्याकडे गोंधळाची शक्यता दुप्पट. आजीचा डबा वेगळा, नातीचा वेगळा ठेवा. कालनिर्णयवर वार ठरवून गोल करा, दिली की फुली मारा. दोघींचा वार एकच ठेवलात तर आणखी सोपं. फोलिक अॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी द्या, रक्तातल्या पेशी आणि लिव्हर सांगितलेल्या तारखेला तपासा. पिवळी गोळी बघूनच मळमळायला लागलं, असं काही महिन्यांनी बऱ्याच मुलांचं होतं. तसं झालं तर लपवून, रागावून देऊ नका. त्वचेखाली घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पोटाचा त्रास बऱ्याचदा कमी होतो आणि औषध अंगी जास्त लागतं.

पण ही गोळी मुलांना चालते हे ठरलं कसं? इथूनच तुमच्या ‘प्रयोग’ या शब्दाचं उत्तर सुरू होतं. १९८०च्या दशकात मोठ्यांच्या आमवातात मेथोट्रेक्सेट रुळत होतं. मुलांना काही डॉक्टर देत होते, काही घाबरत होते, आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. मग अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या डॉक्टरांनी मिळून १२७ मुलांवर चाचणी केली. एका गटाला दर चौरस मीटरला १० मिलिग्रॅम, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. निकाल १९९२ मध्ये छापून आला. (तोवर सोव्हिएत संघ उरलाही नव्हता. शीतयुद्धाच्या काळात दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एका फॉर्मवर मुलांचे सांधे मोजले, याचं मला अजून अप्रूप वाटतं.) १० मिलिग्रॅमवर ६३ टक्के मुलं सुधारली, ५ मिलिग्रॅमवर ३२ टक्के, प्लासिबोवर ३६ टक्के.

या तीन आकड्यांशी जरा थांबा. अर्धा डोस म्हणजे अर्धा गुण, असं झालं नाही. ५ मिलिग्रॅम देणं म्हणजे काहीच न देणं, असं दिसलं. भीतीपोटी अर्धी गोळी देणाऱ्या आईवडिलांना मी हा आकडा तोंडपाठ सांगतो. आणि उलटंही खरं आहे. २००४ मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, नेहमीच्या डोसने न सुधारलेल्या मुलांना इंजेक्शनने १५ आणि ३० मिलिग्रॅम असे दोन डोस देऊन पाहिले. ३० वाल्यांना जास्तीचा फायदा काही मिळाला नाही. म्हणून तुमच्या लेकीचा डोस १४ वरून फार वर नेण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा ३६. औषध नसलेल्या गोळीवर तीनातलं एक मूल सुधारलं. शेजारच्या भाचीचं उत्तर इथे आहे. हा आजार चढतो, उतरतो. माणूस उपाय शोधतो तो त्रास ऐन भरात असताना, आणि त्यानंतर काही मुलांचा त्रास आपसूक उतरतो. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं: पुडी, अंगारा, होमिओपॅथीच्या गोळ्या, नाहीतर माझं प्रिस्क्रिप्शन. मलाही असं फुकटचं श्रेय भरपूर मिळालं आहे. तुलनेला दुसरा गट ठेवायचा तो एवढ्यासाठीच.

याचा अर्थ आयुर्वेद फेकून द्या असा नाही. कोइम्बतूरला प्रौढ आमवाताच्या ४३ रुग्णांवर एक नेटकी चाचणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट, आणि दोन्ही एकत्र, असे तीन गट होते. कोण काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. ३६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे निघाले. मला हे काम आवडतं, कारण वैद्य आणि आमच्यासारखे डॉक्टर एका टेबलावर बसले. पण ४३ माणसं तीन गटांत वाटली की एकेका गटात पंधराच्या आसपास उरतात. एवढ्याशा आकड्यात खरा फरक असला तरी दिसत नाही. त्यात एकही मूल नव्हतं आणि मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न तर नव्हताच. तुमच्या लेकीसाठी त्यातून काही ठरत नाही. शिवाय शेजारच्यांची बिननावाची पुडी म्हणजे ते उपचार नव्हेत. महिन्यात गुण, चेहरा गोल, भूक राक्षसासारखी, आणि पुडी थांबवली की दुप्पट उसळी, असं चित्र दिसलं की आम्हाला त्यात स्टेरॉइड असल्याची शंका येते. पुडी आधीच देऊन झाली असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. ओरडा बसला तरी सांगा. बरेच दिवसांचं स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

आता ट्रायल. आधी माझी बाजू उघड करतो. मी बावीस वर्षं मुलांचे आणि मोठ्यांचे, दोन्ही संधिवात पाहतो आणि काही ट्रायलमध्ये तपासनीस म्हणून काम केलंय. म्हणजे मी तटस्थ नाही, ट्रायलच्या बाजूला थोडा झुकलेलो आहे, हे धरून वाचा.

तुम्ही विचारता, प्रयोग होऊ द्यावा का. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मेथोट्रेक्सेट खरंच हरलंय का? पाच आठवड्यांत ते ठरत नाही. हे औषध सावकाश चढतं. आठ ते बारा आठवडे पुऱ्या डोसवर थांबल्याशिवाय मी त्याला नापास करत नाही. दरम्यान सूज आणि वेदना आटोक्यात ठेवायला दुसरी साधनं आहेत: सूज उतरवणारं औषध, जास्त त्रास देणाऱ्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, कधी थोड्या दिवसांसाठी तोंडाने स्टेरॉइड. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही. ते राहून गेलंय की तुम्ही लिहिलं नाहीत, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मेथोट्रेक्सेटनंतर वापरायच्या औषधांच्या अनेक ट्रायलमध्ये ‘मेथोट्रेक्सेटचा पुरेसा उपयोग झाला नाही किंवा ते सोसलं नाही’ अशी प्रवेशाची अट असते. ही ट्रायल तशी असेल तर तुमची लेक आज तिच्यात बसतच नसावी. आणि पाच आठवड्यांवर घेत असतील तर ‘कशाच्या आधारे?’ हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

हे सगळं सांध्यांच्या संख्येवरही अवलंबून आहे. तिचा एकटा गुडघा सुजला असता तर मी वेगळं बोललो असतो. इटलीत एक ते चार सांधे धरलेल्या २०७ मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये आली. निम्म्यांना फक्त सांध्यात इंजेक्शन, निम्म्यांना इंजेक्शन आणि वर मेथोट्रेक्सेट. वर्षभराने आजार शांत राहिलेली मुलं पहिल्या गटात ३२ टक्के, दुसऱ्यात ३७. फरक नगण्य. त्या मुलांत सुरुवातीलाच मेथोट्रेक्सेट घालून फार हाती लागलं नाही. तुमच्या लेकीचे सहा सांधे आहेत, मनगट आणि बोटं धरलीत. ती या चाचणीतल्या मुलांसारखी नाही, तिला मेथोट्रेक्सेट लागणारच. निदान एकच असलं तरी पुरावा कुठल्या मुलांवरचा आहे हे पाहावं लागतं, ते असं.

उलट वाट बघण्यालाही किंमत आहे. अनेक सांधे धरलेल्या ८५ मुलांवर अमेरिकेत सुरुवातीपासून जोरदार उपचाराची चाचणी झाली, २०१२ मध्ये आली. जास्त औषधं आणि कमी औषधं या गटांतला सहा महिन्यांचा फरक ठाम म्हणावा एवढा नव्हता, पण एक गोष्ट स्पष्ट दिसली: उपचार जितक्या महिन्यांनी आधी सुरू झाले तितकी आजार पूर्ण शांत होण्याची शक्यता वाढत गेली. म्हणून ट्रायलमध्ये शिरण्यासाठी मेथोट्रेक्सेट थांबवून काही आठवडे कोरडे काढायला सांगत असतील, तर मी कचरेन.

‘आधी सगळ्यांना औषध, मग अर्ध्यांना खोटं’ ही रचना ऐकायला क्रूर वाटते, पण ती मुलांची दया येऊनच घडली आहे. आजारी मुलाला पहिल्या दिवसापासून प्लासिबोवर बसवणं कुणालाच पटत नव्हतं. २००० साली आलेल्या एटानरसेप्ट या इंजेक्शनच्या चाचणीत ६९ मुलांना आधी तीन महिने औषध दिलं. मेथोट्रेक्सेट ज्यांना लागू पडलं नव्हतं किंवा सोसलं नव्हतं, अशीच ही मुलं होती. त्यातली ५१ सुधारली. मग फक्त या सुधारलेल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. ज्यांना प्लासिबो आलं त्यांच्यातल्या ८१ टक्के मुलांचा आजार पुन्हा उसळला, औषधावर राहिलेल्यांपैकी २८ टक्क्यांचा. उसळला की मूल त्या टप्प्यातून बाहेर. म्हणजे मुलाच्या वाट्याला येणारा वाईट काळ शक्य तितका आखूड ठेवलेला असतो.

या रचनेची एक खोट मात्र समजून घ्या. चिठ्ठ्या काढताना न सुधारलेली १८ मुलं आधीच गळाली होती. औषध लागू पडलेल्यांकडून ते काढून घेतलं तर काय होतं, एवढंच ती सांगते. नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी किती जणांना गुण येईल, याचं उत्तर तिच्यात अर्धवटच. आणि ‘सुधारला’ म्हणजे काय तेही विचारा. त्या काळी ठरवलेलं माप होतं सहापैकी निदान तीन निकषांत ३० टक्के सुधारणा. सहा सांध्यांचे चार झाले आणि आणखी दोन निकष तेवढेच सुधारले, तरी आकड्यात ते मूल पास. आज मी आईवडिलांशी बोलतो तेव्हा सुजलेला सांधा एकही नको, सकाळचं आखडणं नको, डोळे स्वच्छ हवेत, इथून बोलणं सुरू होतं.

तर संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी समोरासमोर बसून काय विचारायचं? मेथोट्रेक्सेट चालू राहणार की बंद? प्लासिबोच्या काळात त्रास वाढला तर किती दिवसांत मूळ औषध मिळणार, आणि ते कुणाला फोन करून? हे औषध याआधी मोठ्यांना किती वर्षं आणि मुलांना किती जणांना दिलंय? ट्रायल संपल्यावर गुण आलेला असेल तर औषध पुढे मिळणार की हात झटकणार? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार कमी लोक विचारतात आणि नंतर सगळ्यात जास्त रडतात. डोळ्यांची तपासणी वेळापत्रकात आहे का, हेही बघा. नसेल तर ती स्वतः करायची.

कायद्याचं संरक्षण बऱ्यापैकी आहे. २००९ पासून भारतातली औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत रुग्ण घेण्याआधी नोंदवावी लागते. तो क्रमांक मागून घ्या, कोणीही तो घालून पाहू शकतं. २०१९च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई. एथिक्स कमिटीचा संपर्क संमतीपत्रावर असतो, तो शोभेचा नसतो, फोन करता येतो. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यापायी नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. मुलगी साडेपाचची, म्हणून सही तुमची. सात वर्षांपुढे मुलाचा होकारही घ्यायचा असतो. पण तिला आत्ताही तिच्या भाषेत सांगा. सुई टोचणार आहे हे तिला दारात गेल्यावर कळू नये.

माझं मत विचाराल तर असं: पुरे बारा आठवडे मेथोट्रेक्सेट, दरम्यान सांध्यांची सूज इतर मार्गांनी खाली, डोळे तपासलेले. तरीही सांधे सुजलेलेच राहिले तर ट्रायल हा एक चांगला पर्याय आहे, एकमेव नाही. बाजारात असलेली बायोलॉजिकल औषधं, म्हणजे एटानरसेप्टसारखी इंजेक्शनं, हीही आहेत. इथे खर्च आडवा येतो, आणि काही घरांसाठी ट्रायल हाच त्या औषधाचा रस्ता असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त मग तो ट्रायलनंतरचा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा होतो. २०१४च्या अखेरीस अडॅलिमुमॅब या अशाच इंजेक्शनचं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं स्वस्त औषध, भारतातच निघालं आणि तेव्हापासून ही औषधं आधीच्या मानाने आवाक्यात आली आहेत, तरी महिन्याच्या पगारातून भागेल असं सरसकट म्हणवत नाही.

बायोलॉजिकलची वेळ आलीच तर कुठलं, हे तिचे डोळे ठरवतील. सांध्यांसाठी एटानरसेप्ट उत्तम, पण डोळ्याच्या सुजेवर ते भरवशाचं नाही. डोळ्यासाठी अडॅलिमुमॅबचा पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमध्ये मेथोट्रेक्सेट चालू असूनही डोळे सुजलेल्या ९० मुलांवर चाचणी झाली. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला अडॅलिमुमॅब मिळालेल्यांत २७ टक्के मुलांत उपचार अपयशी ठरले, प्लासिबो मिळालेल्यांत ६० टक्के. फरक इतका उघड होता की ठरल्यापेक्षा आधीच चाचणी थांबवली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आमच्यासाठी तो दिवस मोठा होता. त्याआधी आम्ही मोठ्यांच्या अनुभवावरून अंदाजाने देत होतो.

एक गोष्ट मात्र ब्रिटनच्या चाचणीतून आपल्याकडे जशीच्या तशी आणता येत नाही: टीबी. या औषधांनी शरीरात दबून बसलेला टीबी उठू शकतो, आणि आपल्या देशात तो दबून बसलेला असण्याची शक्यता तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त. छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा रक्ताची तपासणी आधी झालीच पाहिजे. घरात, शेजारी, शाळेच्या रिक्षात कुणाला टीबी झाला होता का, हे आठवून सांगा. कधी कधी तपासणीपेक्षा या आठवणीचा उपयोग जास्त होतो. राहिलेल्या लसी कोणत्या, तेही आत्ताच बघून घ्या. जिवंत विषाणूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता द्यायच्या नाहीत.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही आलेल्या ओघात लिहिलंत की बोटं अजून सकाळी आखडतात. मला ते वाक्य टोचलं. बारा वर्षं तोच डोस, तीच गोळी, आणि आजार चालूच. ‘वात आहे, वयाचं दुखणं, चालायचंच’ असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, त्यांनी स्वतःही. पुण्याजवळ भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत प्रौढांमध्ये दोनशेत साधारण एकाला आमवात निघाला. म्हणजे प्रत्येक गावात अशा सासूबाई आहेत, आणि बहुतेकजणी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणत असतात.

ग्लासगोमध्ये आमवाताच्या ११० रुग्णांवर चाचणी झाली, २००४ साली आली. नवं औषध कुठलंच नव्हतं. एका गटाला नेहमीसारखं अधूनमधून बोलावलं. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले आणि सूज दिसली की औषध वाढवलं. दीड वर्षाने आजार शांत झालेले पहिल्या गटात १६ टक्के, दुसऱ्यात ६५. आमच्या शास्त्रातला माझा सगळ्यात लाडका निकाल हाच, कारण त्याला महागडं काही लागत नाही, लागते ती तारीख पाळणारी माणसं. सासूबाईंसाठी पुढची पायरीही परवडणारी आहे. २०१३ मध्ये ३५३ रुग्णांच्या चाचणीत मेथोट्रेक्सेटच्या जोडीला सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन जुन्या गोळ्या देणं हे मेथोट्रेक्सेट अधिक एटानरसेप्टच्या तोडीस तोड ठरलं. त्यांच्या लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून त्यांचे डॉक्टर हे ठरवू शकतील.

आणि कुणी त्यांना टोफासिटिनिबची गोळी सुचवली तर जपून. ती स्वस्त झाली आहे, कामही करते, आणि मुलांच्या संधिवातातही ती चालते असं चाचणीत दिसलंय. पण २०२२ मध्ये आलेल्या ४,३६२ रुग्णांच्या चाचणीत, पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा एकतरी धोका असलेल्या लोकांत, हार्ट अटॅक-पक्षाघातासारख्या घटना आणि कॅन्सर या गोळीवर एटानरसेप्ट-अडॅलिमुमॅब या जुन्या इंजेक्शनांच्या तुलनेत थोडे जास्त दिसले. ६३ वय, बीपी, शुगर: ती चाचणी जणू सासूबाईंसारख्या माणसांवरच केली होती. मेथोट्रेक्सेटमध्ये आजी-नातीची गोळी एक चालली. या गोळीत नातीचा पुरावा आजीला लावता येणार नाही आणि आजीचा नातीला.

राहिला शाळेचा प्रश्न. पाठवा. पळू द्या. सुजलेला सांधा वापरल्याने झिजतो ही समजूत मोठ्यांच्या गुडघेदुखीतून आली आहे. मुलांमध्ये न वापरलेला सांधा आखडतो, मांडीचा स्नायू वाळतो, पाय वाकडा राहतो. दुखलं की ती आपणहून थांबेल, मुलांना ते बरोबर जमतं. बाईंना एवढंच सांगा की सकाळच्या पहिल्या तासाला ती हळू असेल, प्रार्थनेला मांडी घालता आली नाही तर खुर्ची द्या, आणि दुपारच्या सुट्टीत तीच पोरगी लंगडीत सगळ्यांना हरवत असेल तर सकाळी नाटक करत होती असं समजू नका.